टीव्ही 5 मोंदचं फ्रेंच शिकवणारं अ‍ॅप: पॅरिसच्या बाहेरचं फ्रेंच कानावर पडायला हवं असेल तर हे लावा

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांची काही कमी नाही. कोणी शाळेत संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलेलं असतं कारण दहावीला स्कोरिंग, कोणी पत्रकारनगरला आलियाँस फ्रान्सेझमध्ये डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतंय, कोणी एफसी रोडवर रानडेमध्ये कोर्स करतंय, आणि हल्ली कॅनडा पीआरला फ्रेंचचे पॉइंट मिळतात म्हणून हिंजवडीतून घरी येऊन ऑनलाइन बॅचला बसणारे पण खूप झालेत. या सगळ्यांना मी एकच सांगते, पुस्तक चालू राहू दे पण जोडीला टीव्ही 5 मोंद या फ्रेंच भाषेतल्या टीव्ही चॅनलची आप्राँद्र ल फ्रांसे (म्हणजे फ्रेंच शिकणे) ही साइट नाहीतर तिचं अ‍ॅप रोज थोडा वेळ लावा. फुकट आहे, आणि फुकट असून इतकं मनापासून बनवलेलं दुसरं काही मला तरी अजून सापडलेलं नाही.

आधी हे चॅनल काय आहे ते सांगते कारण सगळी गंमत तिथेच आहे. 1984 साली पाच चॅनलनी मिळून हे सुरू केलं म्हणून नावात 5, त्यातली तीन फ्रान्सची, एक बेल्जियमचं आणि एक स्वित्झर्लंडचं, आणि 1986 ला कॅनडा आणि तिथला फ्रेंच बोलणारा प्रांत क्युबेक हे पण आले. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे नुसतं फ्रान्सचं चॅनल नव्हतंच. आणि शिकवायच्या साइटवर जे व्हिडिओ आहेत ते बरेचसे चॅनलच्याच बातम्यांमधले आणि रिपोर्टमधले तुकडे आहेत, त्यामुळे आज ब्रुसेल्सचा दुकानदार बोलतो, उद्या कॅनडातल्या माँत्रेयालची टीचर, परवा आफ्रिकेत सेनेगलमधल्या डाकारचा कोळी. क्लासच्या ऑडिओमधले ते दोन स्पष्ट उच्चारांचे आवाज ऐकून तयार झालेला कान इथे पहिल्यांदा दचकतो, आणि ते चांगलंच आहे.

वापरायला सोपं आहे. लेव्हल ए1 (अगदी सुरुवात) पासून ए2, बी1 करत बी2 (बऱ्यापैकी चांगलं) पर्यंत, आपली कुठली ते माहीत नसेल तर टेस्ट देता येते. एक छोटा व्हिडिओ आणि त्याच्यावर प्रश्न, बऱ्याचदा आधी नुसतं काय दिसतंय ते विचारतात, मग कोण काय म्हणालं, मग शब्द, मग ग्रामर, आणि अडलात तर बोललेलं सगळं लिहिलेलं उघडता येतं. अगदी नवीन असाल तर प्रमिएर क्लास नावाचा भाग आहे. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे सेत जूर स्युर ला प्लानेत, आठवड्याच्या बातम्यांमधले रिपोर्ट घेऊन त्याच्यावर ए2, बी1, बी2 चे एक्सरसाइज केलेले असतात, म्हणजे आपण मुलांसाठी लिहिलेलं खोटं संभाषण ऐकत नसतो, तिथली माणसं जी बातमी जेवताना बघतात तीच आपण बघतो.

आता खरी गोष्ट. शाळेत आमच्या डोक्यात फ्रेंच म्हणजे आयफेल टॉवर, चीज आणि क्रॉसाँ एवढंच बसलं होतं. इथे रोज बघायला लागलं की कळतं की लोकसंख्येत काँगोमधलं किन्शासा पॅरिसच्या पुढे आहे आणि तिथली माणसं एकमेकांशी लिंगाला या तिथल्या भाषेत बोलतात, डाकारमध्ये तशीच तिथली वोलोफ चालते, आणि फ्रेंच असते शाळेत, ऑफिसात, बातम्यांमध्ये. म्हणजे आपलं इंग्रजीचं जसं आहे ना अगदी तसंच, घरी एक कामाला दुसरी, आणि बोलता बोलता दोन्ही मिसळायच्या. हे लक्षात आल्यावर माझा फ्रेंचकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला, ती कोणा एका देशाची मालकीची गोष्ट वाटेनाशी झाली. आयव्हरी कोस्टचे रिपोर्ट बघताना बाजारात काय विकतात इकडे लक्ष जायला लागलं, मग त्यांच्या आत्तियेके नावाच्या पदार्थाबद्दल शोधून वाचलं, ते कसाव्याचं करतात, तोच कंद ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो, फक्त ते किसून आंबवतात आणि वाफवतात. 2024 ला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत पण गेलंय ते. उपासाला खिचडी खाणाऱ्या माणसाला आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहराचं जेवण लगेच जवळचं वाटतं, आणि अशी एखादी गोष्ट मनात बसली की तिच्याभोवतीचे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

कॅनडावाल्यांनी तर हे जास्तच मनावर घ्या. क्युबेकचे उच्चार पॅरिसपेक्षा बरेच वेगळे, स्वर ताणलेले, आणि तिथे जाऊन पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा इथे कोथरूडमध्ये बसून सवय केलेली बरी. साइटवर टीसीएफ या फ्रेंचच्या लेव्हलच्या परीक्षेची सराव परीक्षा पण आहे, तिचं वातावरण कसं असतं ते कळतं.

काय नाही ते पण सांगते. बोलायचा सराव यात होत नाही, त्याला माणूसच लागतो, क्लास किंवा पार्टनर काही तरी शोधाच. बी2 च्या पुढे एक्सरसाइज नाहीत, पण तिथे पोचलात तर सरळ टीव्ही 5 मोंद प्लस उघडा, 2020 पासून चालू आहे, सिरीज आणि डॉक्युमेंटरी फुकट, फ्रेंच सबटायटल लावून बघायच्या, इंग्रजीच्या नाही, हे मी कळकळीने सांगतेय. आणि नुसतं ऐकायचं असेल तर रेडिओ फ्रान्स अँतरनासिओनालचं जुर्नाल आँ फ्रांसे फासिल, दहा मिनिटांच्या बातम्या, शब्द समजावून सांगतात, लिहिलेलं पण मिळतं. युनिव्हर्सिटी सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये आरामात एक भाग होतो.

शिकवणाऱ्यांसाठी यांची वेगळी साइट आहे, वर्कशीट प्रिंट काढून घेता येतात, तर तुमच्या फ्रेंचच्या मॅडमना नक्की सांगा, शाळेतल्या पोरांना पुस्तकातल्या धड्याऐवजी एखाद्या तासाला डाकारचा बाजार दाखवला तर ती नुसत्या मार्कांसाठी बसणार नाहीत. आणि सुरुवात करताना स्वतःच्या लेव्हलच्या एक पायरी खालचं घ्या, बी1 असाल तर ए2, कारण खऱ्या बातमीचा स्पीड क्लासपेक्षा जास्त असतो, आणि पहिल्यांदा बघताना ते लिहिलेलं उघडू नका.