साडेचारशे हॉर्सपॉवर घरी आणल्यावर : तीन वर्षांचा रिव्ह्यू

टायरवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला हाक मारली, "साहेब, जरा गाडीखाली या, हे बघा." मागच्या टायरच्या आतल्या कडेला दोन बोटं रुंद पट्टीवर रबर जवळजवळ संपलेलं, आणि एका ठिकाणी चक्क तार दिसत होती. तोच टायर बाहेरून बघितला तर अजून पाच-सहा हजार किलोमीटर आरामात जाईल असं वाटत होतं. आदल्याच आठवड्यात याच टायरवर बायकोला शेजारी बसवून मी हायवेला जाऊन आलो होतो. घरी येईपर्यंत माझे हात गार पडले होते, खरं सांगतो.

तर हा रिव्ह्यू तिथून सुरू करतोय, कारण अशा गाडीबद्दल सगळे बोलतात ते शून्य ते शंभर किती सेकंदात यावर, आणि मला तीन वर्षांत जे कळलं ते वेगळंच आहे. गाडी विकली जाते पॉवरच्या आकड्यावर, पण रोज आपण राहतो ते ती पॉवर झेलायला बसवलेल्या बाकीच्या गोष्टींसोबत. टायर, ब्रेक, ऑइल, सस्पेन्शन. मजाही तिथेच आहे आणि खर्चही तिथेच.

गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, नाव घेतलं की सगळं लक्ष नावावरच जातं. इंजिन पुढे, पॉवर मागच्या चाकांना, ट्विन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन पंखे), ४५० च्या आसपास हॉर्सपॉवर, दोन दारं, सेकंडहँड घेतलेली. लहानपणापासून भिंतीवर पोस्टर लावून जे स्वप्न बघितलं तेच हे, आणि पहिल्या दिवशी चावी हातात आली तेव्हा मी पार्किंगमध्ये नुसता दहा मिनिटं आत बसून होतो, स्टार्ट पण केली नव्हती.

आधी पॉवरचं सांगून टाकतो. सपाट रस्त्यावर शंभरच्या स्थिर स्पीडला अशा गाडीला साधारण २० हॉर्सपॉवर पुरते, म्हणजे बाकीची ४३० नुसती सोबत फिरत असते. तिसरा गिअर पूर्ण ओढला तर बहुतेक देशांतली हायवेची मर्यादा मागे पडलेली असते आणि पुढचे गिअर तसेच शिल्लक. मी एकदा सहज हिशोब केला, आठवडाभरात पूर्ण थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत, मी एक मिनिटसुद्धा वापरत नाही. पण ते जे काही सेकंद असतात ना, हायवेला चढताना रॅम्प सरळ झाला, पुढे रस्ता मोकळा आहे, तुम्ही पाय खाली नेता, क्षणभर काहीच होत नाही आणि मग टर्बो भरतात आणि पाठीला कोणीतरी हाताने सीटमध्ये दाबल्यासारखं होतं, ते तीन वर्षांनंतरही जुनं झालेलं नाही. मर्यादेला पोचलं की पाय वर. झालं, तेवढंच. तेवढ्यासाठी माझी सकाळ चांगली जाते.

पण गाडीची खरी किंमत मला साठच्या स्पीडला कळते. स्टीअरिंग जरा हलवलं की नाक लगेच वळतं, मध्ये ढिलेपणा नाही, ब्रेक पेडलवर पाय ठेवला की जितका दाब तितकंच थांबणं, सीट कमरेला दोन्हीकडून धरून ठेवते. हे सगळं ४५० हॉर्सपॉवर सांभाळायला बनवलेलं असतं, म्हणून साठला ते इतकं निवांत काम करतं. घाटातल्या वळणांवर मी कधीच जोरात चालवत नाही, समोरून कोण येईल सांगता येत नाही, तरी एक वळण नीट साधलं, ब्रेक आधी संपवून, मग वळून, मग हळूच थ्रॉटल, की मन भरतं.

आता परत टायरकडे. या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने थोडी आत झुकवलेली असतात, कॅम्बर म्हणतात त्याला, म्हणजे वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक सपाट टेकतं आणि पकड मिळते. पण सरळ रस्त्यावर त्यामुळे वजन आतल्या कडेवर येतं, आणि आपण चालवतो नव्वद टक्के सरळच. वर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, थोडी जरी हलली तर आतली कड खवल्यासारखी जाते. उभं राहून बघितलं तर कधीच दिसत नाही. आता मी दर महिन्याला मोबाईलचा टॉर्च लावून चाकामागे हात घालतो, तळहाताने कड चाचपतो, आणि प्रेशर रविवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी बघतो, गार असताना, कारण चालवून आलं की रीडिंग वाढलेलं असतं. मागचे टायर माझे १५ हजार किलोमीटरच्या पुढे कधी गेलेले नाहीत. मऊ रबर आहे, पकड त्याच मऊपणाची आहे, तक्रार करण्यात अर्थ नाही, पण बजेट करताना हा खर्च पेट्रोलसारखा धरा, कधीतरी येणारा म्हणून नाही.

पाऊस. यावर जास्त लिहिणार आहे, कारण अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी ऐकायला पाहिजे. पहिल्याच हिवाळ्यात, सकाळी पाच-सहा डिग्री, रस्ता ओला, सर्कलमधून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये मी रोजच्यासारखाच थ्रॉटल दिला. रोजच्यासारखाच, जास्त नाही. टर्बो जरा उशिरा भरला आणि भरला तो एकदम, मागचा भाग बाजूला गेला, डॅशवर पिवळा दिवा फडफडला आणि इलेक्ट्रॉनिक्सने पॉवर तोडून गाडी सरळ केली. सगळं मिळून एक सेकंद. मागे कोणी नव्हतं. नंतर वाचलं आणि कळलं की समर टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि माझे टायर तर जुने पण होते, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डॉट कोडच्या शेवटी जे चार आकडे असतात त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते बघितलं तर टायर सहा वर्षांचे निघाले! टायरच्या खाचा अजून भरपूर खोल होत्या म्हणून मी विकत घेताना बघितलंच नव्हतं. पोर्शेने २०१८ मध्ये दाखवलेल्या नव्या पिढीच्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत सेन्सर बसवले, ते उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला आहे हे ओळखतात आणि ड्रायव्हरला वेट मोड लावायला सुचवतात. माझ्या गाडीत ते नाही, मला स्वतःलाच कान द्यावा लागतो. पावसात मी एक गिअर वरचा ठेवतो, ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरलं की पॉवर तोडणारी तीच इलेक्ट्रॉनिक्स, कधीही बंद करत नाही, आणि जो म्हणतो की बंद केल्यावरच खरी मजा येते त्याच्या शेजारी मी बसणार नाही.

ऑइल. काट्यावर इंजिन थंड ठेवणारं पाणी पाच मिनिटांत गरम दिसतं, ऑइलला पंधरा-वीस मिनिटं लागतात. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो फिरतो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर, म्हणून ऑइल ८० डिग्रीला येईपर्यंत मी ३००० आरपीएमच्या वर जात नाही. यातून एक गोष्ट निघते जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही, की ऑफिस चार किलोमीटरवर असेल तर ही गाडी त्या कामाची नाही. गरम व्हायच्या आत पोचता, ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि पेट्रोल साठत राहतं. मी आठवड्यातून एकदा तिला तासभर तरी बाहेर काढतो, आणि दोन आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवतो, नाहीतर अलार्म आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक्स तिला झोपेतच संपवतात.

आवाजाबद्दल मनापासून बोलायचंय. सकाळी थंड स्टार्टला इंजिन मुद्दाम हजार-बाराशेच्या वर फिरतं, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून, आणि तेव्हाच एक्झॉस्ट सगळ्यात मोठा वाजतो. मला तो आवाज प्राणापलीकडे आवडतो. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे काका नाइट ड्युटीला असतात, सकाळी सहाला येऊन झोपतात, आणि माझा एक्झॉस्ट बरोबर त्यांच्या खिडकीकडे तोंड करून असायचा. ते कधी काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, पहिल्यांदा बसली तेव्हा, "अरे बाळा, गाडी छान आहे, पण त्या माणसाने झोपायचं कधी?" त्या दिवसापासून गाडी उलटी लावतो, मागची बाजू रस्त्याकडे, आणि गेटच्या बाहेर पडेपर्यंत एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद. आईला त्या सीटमधून उठताना मात्र दरवेळी हात द्यावा लागतो, आधी पाय बाहेर, मग माझ्या मनगटाला धरून. गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर घ्यायच्या आधी त्यांना एकदा बसवून उठवून बघाच.

उंची कमी असल्यामुळे बेसमेंटच्या रॅम्पला तिरकं चढायची सवय लागते, ती महिन्याभरात अंगवळणी पडते, त्याचं फार काही नाही.

सर्व्हिसचं आहे. एका वर्कशॉपमध्ये, नाव घेत नाही, गाडी चुकीच्या जागी जॅक लावून उचलली आणि खालचं प्लास्टिक कव्हर तडकलं, मला महिन्याने कळलं जेव्हा शंभरच्या स्पीडला खालून फडफड यायला लागली. मी विचारायला गेलो तर त्यांनी सरळ हात वर केले. तेव्हापासून जॅकिंग पॉइंटला बसणारे रबरचे ठोकळे डिकीतच असतात आणि गाडी वर जाईपर्यंत मी तिथून हलत नाही. कोणाला राग आला तरी चालेल.

ट्रॅकवर दोनदा जाऊन आलो. तिथे ब्रेक फ्लुइडचं महत्त्व कळलं, तिसऱ्या सेशनला पेडल मऊ पडायला लागलं, कारण फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळायचा बिंदू घसरतो. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० डिग्री, पाणी मुरल्यावर तोच स्टँडर्ड १५५ वर येतो. मी ताबडतोब पिटमध्ये आलो. दर दोन वर्षांनी बदला, ट्रॅकला जाणार असाल तर त्याआधी बदला, आणि इन्शुरन्सची पॉलिसी ट्रॅकवर चालते का ते नीट वाचा, बऱ्याच पॉलिसी चालत नाहीत.

रस्त्यावर लोक मागे चिकटतात, शेजारी येऊन रेस करतात. मी नेहमी सोडून देतो. दीड टन वजन २०० ला असताना त्यात १०० च्या चौपट ऊर्जा असते, दुप्पट नाही, आणि ती सगळी ब्रेकला आणि त्या चार टायरना खायची असते. ज्याला हे कळलं त्याला सिग्नलवर काही सिद्ध करावंसं वाटत नाही.

मित्राची माझदा एमएक्स-५ चालवली, १९८९ पासून चालत आलेल्या मॉडेलची नवी पिढी, दोन लिटर इंजिन, १८४ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा वर. तिच्यात मी जितका थ्रॉटल पूर्ण दाबला तितका माझ्या गाडीत महिन्याभरात दाबत नाही, आणि टायर, ब्रेक सगळंच लहान, म्हणून सगळंच स्वस्त. कोणी मला विचारलं की पहिली स्पोर्ट्स कार कुठली घेऊ, तर मी बिनदिक्कत ती सांगतो. मग मी माझी का ठेवलीय? कारण तो हायवेचा रॅम्प, आणि लांबच्या प्रवासात सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर शांत चालणारं पण पायाखाली सगळं तयार असलेलं ते इंजिन. ते मला सोडवत नाही.

सेकंडहँड बघायला जाणार असाल तर चारही टायरचे तारखेचे आकडे फोटो काढून घ्या, आतली कड हाताने चाचपा, ब्रेक डिस्कच्या कडेला उंच ओठ तयार झालाय का बघा, सर्व्हिसच्या बिलांवर ब्रेक फ्लुइडची तारीख शोधा. आणि स्टार्ट करायच्या आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर उद्या परत येतो म्हणा, थंड स्टार्टचा आवाज ऐकल्याशिवाय पैशाचं बोलू नका.