माऊस कोणाच्या हातात? ऑनलाइन रेडिओलॉजी शिकवण्याचे दोन मार्ग

पीजीचे रेसिडेंट डीआरपीसाठी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) तीन महिने जिल्हा रुग्णालयात गेले की शिकवणं ऑनलाइन आणावंच लागतं. मार्ग मुख्यतः दोन. एकात झूमवर सर स्क्रीन शेअर करतात आणि केस दाखवतात. दुसऱ्यात केस ऑर्थांकसारख्या, स्कॅन साठवणाऱ्या फुकट सर्व्हरवर ठेवायच्या, रेसिडेंटने त्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ओएचआयएफ व्ह्यूअरमध्ये स्वतः उघडायच्या आणि स्क्रीनही त्यानेच शेअर करायची.

पहिल्याला तयारी जवळजवळ लागत नाही, पन्नास जण एकदम बसतात, परीक्षेच्या तोंडावर उजळणीला झकास. दुसऱ्यात आधी केस निवडा, अपलोड करा, पेशंटची नावं काढा. शिवाय सात-आठ जणांपलीकडे प्रत्येकाची पाळी येत नाही. नुसती सोय बघायची तर झूमच.

पण डोक्याचा सीटी घ्या. कवटीला चिकटून पातळसं सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं रक्त. विंडो म्हणजे करड्या छटांची सेटिंग: विड्थ तिची रुंदी, लेव्हल तिचा मध्य. विड्थ 80, लेव्हल 40 या नेहमीच्या ब्रेन विंडोत ते हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातं. विड्थ 200 च्या आसपास नेली की सुटं दिसतं. सर स्क्रोल करत असले की नेमक्या स्लाइसवर थांबतात, विंडोही तेच बदलतात, आणि सगळे म्हणतात, “हो सर, दिसलं.” बोट ठेवून दाखवल्यावर कोणाला दिसत नाही? माऊस रेसिडेंटच्या हातात असला, तर तो ती स्लाइस भर्रकन ओलांडून गेला हे तुम्हाला कळतं. पोटाच्या सीटीत सुजलेलं अपेंडिक्स सापडताच, त्यातच दिसणारा फुप्फुसाचा तळ न बघता त्याने इम्प्रेशन (रिपोर्टचा निष्कर्ष) सांगायला घेतलं, हेही कळतं. त्याला अडवायचं ते तिथेच. त्यामुळे रिपोर्टिंग शिकवायचं असेल तर माझं मत दुसऱ्या मार्गाला. तिकडचं नेट रडत असेल तर केस आदल्या रात्रीच डाउनलोड करून साध्या डायकॉम (स्कॅनच्या फाइलचा ठरलेला प्रकार) व्ह्यूअरमध्ये उघडायला सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक जेपीजी टाकून “डायग्नोसिस?” विचारणं मी या तुलनेत धरतच नाही. स्लाइस निवडून दिली तिथेच अर्धं उत्तर फुटलं.

नावं काढताना एक बघा: ऑर्थांकचं अ‍ॅनॉनिमायझेशन डायकॉम टॅगमधलं, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीतलं नाव पुसतं, सोनोग्राफीच्या चित्रावरच उमटलेलं नाव तसंच राहतं. ती पट्टी वेगळी झाकावी लागते.

आणि सोनोग्राफीला दोन्ही मार्ग तोकडेच. प्रोब किती तिरका धरला, किती दाबला, हे पडद्यावर नीट कळत नाही. साठवलेल्या क्लिप ऑनलाइन दाखवा. हाताचं काम रेसिडेंट परतल्यावर मशीनशेजारी उभं राहूनच.