सात महिने वापरलं: तेलाची विहीर ढासळेल का आणि वाळू येईल का सांगणारं सॉफ्टवेअर

बेलापूरच्या ऑफिसात जूनपासून हे वापरतोय, नाव लिहीत नाही, लायसन्सवाल्यांशी अजून वाद चालूय. इथे तेल म्हटलं की सगळ्यांना मुंबई हायच आठवतं, तिथला मुख्य साठा चुनखडीत, त्यामुळे घरचे पण विचारतात तुझ्या विहिरीत वाळू आली कुठून! आमचं काम कच्च्या वालुकाश्माचं, हाताने चुरगाळला तर चुरा होतो असला.

मड वेटचा भाग, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत भरलेला चिखलासारखा द्रव (मड) किती जड ठेवायचा ते सांगणारा, झकास आहे. खाली कोलॅप्सची रेघ (त्याहून हलका मड असला तर भिंत ढासळते), वर फ्रॅक्चरची (त्याहून जड असला तर खडक फुटतो), मड मधल्या विंडोत ठेवायचा, आणि विहीर तिरकी केली की विंडो कशी आवळत जाते ते लगेच दिसतं. फक्त खडक कधी तुटेल ते ठरवायला डिफॉल्टला मोहर-कुलोम्बचा नियम आहे, तो तीन दिशांच्या स्ट्रेसपैकी मधला धरतच नाही म्हणून मड उगाच जड सांगतो. मोगी-कुलोम्ब लावल्यावर एका विहिरीत अर्धा पीपीजी (पाउंड प्रति गॅलन) कमी आला. अर्धा म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण ८००० फुटांवर ते २०८ पीएसआय होतात, आणि उपसा होऊन साठ्याचं प्रेशर उतरलं असेल तर फ्रॅक्चरची रेघपण खाली आलेली असते, मग तेवढ्यावरच मड लॉस, म्हणजे मड खडकात निघून जातो.

वाळूच्या मॉड्यूलने मात्र डोकं फिरवलं. खडकाची ताकद सोनिक लॉगवरून (विहिरीत मोजलेल्या ध्वनिलहरींच्या वेगावरून) काढतं आणि आतलं सूत्र पक्क्या खडकाचं, त्याने आमच्या खडकाला दुप्पट ताकद देऊन टाकली, वर सगळं हिरवं, म्हणजे ड्रॉडाऊन (साठ्यातल्या आणि विहिरीतल्या प्रेशरमधला फरक) कितीही द्या वाळू नाही. अरे पण शेजारच्या विहिरीच्या सेपरेटरमधून (तेल, वायू, पाणी वेगळं करणाऱ्या टाकीतून) वाळू उपसलेली रिपोर्टात आहे ना! शेवटी कोअरवर (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावर) टीडब्ल्यूसी टेस्ट करून घेतल्या, म्हणजे पोकळ सिलिंडरला बाहेरून दाब देऊन आतलं भोक कधी ढासळतं ते बघायचं. त्यासाठी कोअरमधून प्लग (छोटे सिलिंडर) कापणं म्हणजे रव्याच्या ठिसूळ लाडवातून नळी काढण्यासारखं, निम्मे तुटले. ते आकडे टाकले तेव्हा कुठे क्रिटिकल ड्रॉडाऊन, म्हणजे ज्याच्या पुढे वाळू सुटते तो, जागेवर आला.

आणि पाणी यायला लागलं की कणांना धरून ठेवणारा ओलाव्याचा ताण जातो, वाळू वाढते, जुहूचा वाळूचा किल्ला भरतीत बसतो तसं. त्यासाठी यात फक्त एक टिकबॉक्स, बाकी काही नाही. ऑटोसेव्ह नाही, जुलैत लाईट गेली तेव्हा रात्रीचा रन गेला.

जानेवारीत रिन्यूअल आहे, मड वेटचं ठेवतोय, वाळूचं मॉड्यूल सोडतोय, त्या पैशात अजून थोड्या प्लगच्या टेस्ट होतील.