नवा एपिसोड एकत्र बघायचाय: टेलिपार्टी, चॅट की दुसऱ्या दिवशीची चर्चा?

ग्रुपमधले काही मुंबई-पुण्यात, एक दापोलीत, एक वेंगुर्ल्याच्या वाडीत, आणि सगळ्यांना साय-फाय मालिकेचा नवा एपिसोड एकत्र बघायचाय. अशा वेळी मुंबईकरांचं फायबर बघून काही ठरवू नका. वेंगुर्ल्यात आषाढात रेंजच्या किती कांड्या दिसतात ते आधी विचारा. तिथे लाईट गेली की राउटर बंद, आणि टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईलही गप्प.

टेलिपार्टी हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘नेटफ्लिक्स पार्टी’ या नावाने गाजलं. एकाने थांबवलं की सगळ्यांचं थांबतं, शेजारीच चॅट चालतं. सोय म्हणून याला तोड नाही. पण प्रत्येकाकडे स्वतःचं सबस्क्रिप्शन हवं, शक्यतो लॅपटॉप हवा आणि एपिसोड संपेपर्यंत नेट टिकायला हवं. नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसणाऱ्याचा पडदा ऐन रहस्याच्या वेळी गोल गोल फिरायला लागणार. तेव्हा सगळे फायबरवाले असतील तरच याच्या वाटेला जा.

‘मी लावतो, तुम्ही कॉलवर माझी स्क्रीन बघा’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतो. त्याला नम्रपणे थांबवा. ओटीटीचा व्हिडिओ कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित असतो, त्यामुळे पलीकडे बहुतेक वेळा नुसती काळी चौकट दिसते. शिवाय ते नियमातही बसत नाही.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला: एपिसोड आधी ॲपमध्ये डाऊनलोड करायचा, ठरल्या वेळी चॅटवर ‘तीन, दोन, एक’ म्हणून सगळ्यांनी एकदम प्ले दाबायचं. बघताना नेट लागतं ते फक्त मेसेजपुरतं, आणि मेसेज एका कांडीवरही जातो. पाच मिनिटं रेंज गेली तरी एपिसोड चालूच राहतो, रेंज आली की तुंबलेले मेसेज एकदम येतात. त्या गर्दीत कोण कुठल्या प्रसंगावर ओरडलंय ते शोधण्यातही एक गंमत आहे.

पण इथे शिस्त लागते. एकाने ‘मागील भागात’ उडवलं आणि दुसऱ्याने बघितलं, तर पहिल्या मिनिटालाच फाटाफूट. प्राईम व्हिडिओवर जून २०२५ पासून भारतात जाहिराती लागतात, ज्याने जादा पैसे भरलेत त्याला लागत नाहीत, म्हणजे तिथेही फरक. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी एपिसोडचं मिनिट-सेकंद बघून ‘१२:४० ला थांबा’ असं टाकायचं आणि सगळे तिथे आले की पुढे जायचं. हे काम ग्रुपमधल्या सगळ्यात खडूस माणसाला द्या.

वेळेचाही प्रश्न आहेच. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा शेवटचा एपिसोड अमेरिकेत ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी आला, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०२६ ला सकाळी ६:३० ला. आदल्या रात्री किनाऱ्यावर जागलेला माणूस तेव्हा उठणार कसा? सकाळी डाऊनलोडला लावून रात्री नऊला बसणं सोयीचं, मात्र दिवसभर फोनपासून जपायला हवं. रील्स उघडल्या की संपलं.

तिसरा पर्याय, आपापल्या सवडीने बघायचं आणि दुसऱ्या दिवशी बोलायचं. हा आळशी लोकांचा मार्ग वाटतो, पण काही मालिकांना हाच योग्य. ‘डार्क’चंच बघा. २०१७ ते २०२० मध्ये आलेली तीन सीझनची ही जर्मन मालिका चार कुटुंबांची आणि कालप्रवासाची. भावकीत कोण कुणाचा चुलत-आते-मामा हे तोंडपाठ असलेल्या कोकणी माणसालाही तिथे कागद-पेन्सिल घ्यावी लागते. बघता बघता टाइप करायला गेलात तर एक नातं निसटतं आणि पुढचे दोन एपिसोड कळत नाहीत. अशा वेळी नंतरच्या ऑडिओ कॉलला जास्त रंग चढतो.

मात्र मग रहस्यफोडीला कुंपण हवं. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकूर झाकून पाठवता येतो, वाचणाऱ्याने टॅप केल्यावरच तो दिसतो. ‘कोण मेला’ हे पहिल्या ओळीत लिहिणारे बहाद्दर असतात आणि नोटिफिकेशनमध्ये तीच ओळ दिसते, तेव्हा ग्रुप म्यूट केलेला बरा. दर एपिसोडचा वेगळा धागा करा, म्हणजे दापोलीकर दोन भाग मागे असला तरी त्याचा पत्ता कट होत नाही.

सीझन एकदम पडणार की दर आठवड्याला एक एपिसोड येणार, हेही आधी बघा. ‘३ बॉडी प्रॉब्लेम’चा पहिला सीझन मार्च २०२४ मध्ये अख्खा एकदम आला. अशा वेळी रोज रात्री सगळ्यांना एकत्र बसवणं कठीणच, कुणीतरी शनिवारी बसून पुढे धावतोच. तिथे मी थेट तिसऱ्या पर्यायावर जाईन. आठवड्याला एक असेल तर चॅट, आणि पावसाळा असेल तर एपिसोड दुपारीच, लाईट असतानाच उतरवून ठेवायचा.