गाडी विकताना फसलो: कूलंटमध्ये तेल ओतणाऱ्या जोडगोळीपासून सावध राहा

जुनी गाडी विकायला काढली आहे आणि बघायला दोघं जण येतायत? मग एक गोष्ट आत्ताच पक्की करा. बॉनेट उघडं असताना गाडीपासून हलायचं नाही. पाणी मागू देत, सर्व्हिस बुक मागू देत, दुसरी किल्ली मागू देत, घरात जायचं नाही. मी गेलो, आणि ८,००० पौंडांना ठरलेली गाडी २,७५० पौंडांना देऊन बसलो. म्हणजे ५,२५० पौंडांचा चुना.

ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेताना काय काय होऊ शकतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मीटर मागे फिरवलेला असतो, आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं नसतं, राइट-ऑफ झालेली, म्हणजे इन्शुरन्स कंपनीने निकामी ठरवलेली गाडी रंगवून उभी केलेली असते. घेणाऱ्याने डोळ्यात तेल घालून बघायचं, असंच सगळे सांगतात. विकणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. विकणाऱ्याला वाटतं, आपली गाडी चांगली, आपले कागद चोख, पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, मग आपण कसे फसणार? तर असे फसतो.

गाडी २०१६ची गोल्फ, १.४ पेट्रोल, ६६ची प्लेट (म्हणजे २०१६च्या शेवटच्या महिन्यांतली नोंदणी), मीटरवर अठ्ठावन्न हजारांच्या आसपास मैल. सर्व्हिस वेळच्या वेळी केलेली. ऑक्टोबर २०२४मध्ये एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी झाली, एकही शेरा नाही. गाडी विकायचं कारण एवढंच की ऑफिसच्या सॅलरी सॅक्रिफाइसमधून (पगारातून हप्ता कापून) इलेक्ट्रिक गाडी येणार होती आणि रेडिंगला आमच्या घरापुढे एकाच गाडीची जागा आहे. ऑनलाइन गाड्या घेणाऱ्या एका कंपनीने ७,१५० पौंड सांगितले होते. तिथेच का नाही दिली, हे मला आता प्रत्येक जण विचारतो. अहो, तिथे गेल्यावर एकेका ओरखड्याचे पैसे कापतात हे कोणाला माहीत नाही? जाहिरात टाकली ८,४०० पौंडांची. चार पैसे जास्त मिळावेत असं वाटणं हा काही गुन्हा नाही.

शनिवारी दुपारी फोन आला. सर्व्हिस कधी झाली, टायर कसे आहेत, मालक किती झाले, काहीही विचारलं नाही. 'अजून आहे ना? आठ हजार देतो, आजच येतो, बर्मिंगहॅमहून निघतोय.' जो माणूस दीड-दोन तास गाडी चालवून येणार तो आधी चार प्रश्न तरी विचारेल. न विचारणारा गाडी घ्यायला येत नसतो, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबरचा महिना, हिवाळ्यासाठी घड्याळं नुकतीच तासभर मागे गेलेली. ते पोचले तेव्हा उजेड उतरायला लागला होता. आता कळतं की ती वेळही निवडलेली होती. त्यांची स्वतःची गाडी दारात आलीच नाही, कोपऱ्यावर कुठेतरी लावली. एक बडबड्या, एक मुका. बडबड्याने दारावरचं तोरण बघून दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, मुलीची चौकशी केली. मुक्याने बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिन थंड होतं. मग बडबड्या म्हणाला, 'मेट, सर्व्हिसचे कागद आहेत का? भावाला दाखवायचेत.' कागद वरच्या मजल्यावर कपाटात. बायको कॉलवर होती. मी आत गेलो.

बस, तेवढंच. जाऊन यायला किती वेळ लागला असेल? पण माझ्या डोक्यात ते जिने चढणं-उतरणं अजून चालूच आहे. मी बाहेर आलो तेव्हा मुका मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला होता, टायर बघत असल्यासारखा. टायर बघायला एक्झॉस्टच्या इतकं जवळ कोण बसतं? पण सांगा, समोरचा माणूस टायरच बघतोय असं तुम्हालाही वाटलं नसतं का? माझं काम सॉफ्टवेअरचं. मी काय गॅरेज चालवतो?

टेस्ट ड्राइव्हला मीच चालवत होतो, त्यांच्याकडे इन्शुरन्स नव्हता म्हणून. पहिला मैल ठीक गेला. मग बडबड्या मागे वळून म्हणाला, 'हे काय?' मागे निळसर धूर, असा की पाठीमागची गाडी दिसेना. पाठोपाठ इंजिन थरथरायला लागलं आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागला. कसाबसा घरी आलो. बडबड्याने बॉनेट उघडलं आणि फोनचा टॉर्च कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर धरला. पारदर्शक टाकी, आत गुलाबी पाणी आणि त्यावर बोटभर जाडीचा काळा तेलाचा थर. 'हेड गॅस्केट गेलंय, मेट. सॉरी.' म्हणजे इंजिनात तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील. त्याचा चेहरा असा की घरात कोणी गेलंय.

इथेच मला सगळं समजायला हवं होतं, आणि ते समजायला गॅरेजचं ज्ञानही लागत नव्हतं. तेल वर तरंगत होतं. वेगळं, न मिसळलेलं, नुकतं ओतल्यासारखं. नंतर माझ्या मेकॅनिकने सांगितलं, की गॅस्केट खरंच जाऊन तेल पाण्यात आलं असेल तर दोन्ही घुसळून टाकीत कॉफी-दुधासारखा चिकट रबडा होतो, असा वेगळा थर राहत नाही. कूलंट जळत असेल तर धूर पांढरा आणि गोडसर वासाचा येतो. निळा धूर तेल जळल्याचा, म्हणजे एक्झॉस्टच्या नळीत ओतलेल्या तेलाचा. तापमानाचा काटा सगळा वेळ मधोमध होता, तोही मी बघितला होता. आणि ती थरथर? एका सिलिंडरच्या कॉइलची पिन सैल करून ठेवली की वाटेत निसटून होते. पाच सेकंदांचं काम.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल, सगळ्या अशा नाटकांचा तिसरा अंक सारखाच. 'मेकॅनिक भावाला' फोन, स्पीकरवर. भाऊ म्हणतो, साडेतीन हजारांचा खर्च, कदाचित इंजिनच बदलावं लागेल. बडबड्या म्हणतो, आम्ही एवढ्या लांबून आलो, पेट्रोल गेलं, पण तू भला माणूस आहेस, सुट्या भागांसाठी दोन हजार देतो. बायको दारातून मराठीत सांगत होती, 'आज काही देऊ नकोस, सोमवारी गॅरेजला दाखवू.' तिचं ऐकायला हवं होतं, हे मला घरात रोज ऐकवलं जातं, इथे पुन्हा कशाला. माझ्या डोक्यात इलेक्ट्रिक गाडी सोमवारी येणार, ही बंद पडलेली दारात अडकून बसणार, टोइंगचे पैसे, भंगारवाला पाचशेच देणार, हेच चक्र. मी चार हजार म्हटलं. २,७५०वर तुटलं. गंमत म्हणजे माझ्याकडे ब्रेकडाउन कव्हर (गाडी बंद पडली तर मेकॅनिक पाठवणारी सेवा) होतं, वर्षाचे ११४ पौंड भरलेले. एक फोन केला असता तर माणूस फुकटात दारात येऊन टाकीत नाक घालून सांगून गेला असता. तुमच्याकडे कव्हर असेल तर अशा वेळी तोच फोन आधी करा. नुसतं 'त्यांना बोलावतोय' म्हटलं तरी ही मंडळी पळतील.

पैसे बँकेतून आले, लगेच दिसले. मी डीव्हीएलएच्या (गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर 'गाडी व्यापाऱ्याला विकली' अशी नोंद केली, त्यांनी दिलेलं नाव-पत्ता घालून. (ही नोंद कधीही टाळू नका, नाहीतर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय त्यांचे पार्किंगचे दंड तुमच्या दारात येतात.) मग त्यांनी बॉनेटखाली काहीतरी खुडबुड केली आणि ती 'इंजिन गेलेली' गाडी स्वतः चालवत घेऊन गेले. बर्मिंगहॅमला. हेड गॅस्केट गेलेली गाडी मोटरवेवर कोण नेतं? आणि मी? मी त्यांना सांभाळून जा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी समोरच्या आजोबांनी त्यांच्या डोअरबेलचा कॅमेरा दाखवला. मी आत जाताच मुक्याने जॅकेटच्या बाहीतून छोटी प्लास्टिकची बाटली काढली, टाकीचं झाकण फिरवलं, ओतलं, झाकण लावलं, मागे गेला, खाली बसला. हात इतका सवयीचा, की आपण रोज चहात साखर घालतो तसा. बडबड्या तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा.

आता पोलिसांचं ऐका. १०१ला, म्हणजे तातडीच्या नसलेल्या तक्रारींच्या पोलीस नंबरला फोन. ताटकळल्यावर पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुम्ही गाडी स्वखुशीने विकली, पैसे मिळाले, हे सिव्हिल मॅटर, म्हणजे दिवाणी भांडण, पोलिसांचं काम नाही. मी म्हटलं, माझ्याकडे व्हिडिओ आहे. म्हणाल्या, फसवणुकीच्या राष्ट्रीय केंद्रात ऑनलाइन तक्रार करा. तिथल्या फॉर्मचा सगळा रोख एकाच प्रश्नावर: तुम्ही किती पैसे पाठवले? अहो, मी पाठवले नाहीत, मला आले! तोच तर डाव आहे. शून्य लिहिलं. काही आठवड्यांनी पत्र आलं की तपास करण्याजोगे धागेदोरे नाहीत. धागेदोरे नाहीत? खातेदाराचं नाव माझ्या स्टेटमेंटवर छापलेलं आहे. फोन नंबर आहे. दोघांचे चेहरे दिसणारा व्हिडिओ आहे, जो आजतागायत कोणीही मागितलेला नाही. आणखी काय हवं, मी त्यांना पकडून ठाण्यात आणून बसवू?

बँकेत गेलो. ७ ऑक्टोबर २०२४पासून फसवून पैसे पाठवायला लावले तर बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायचा नियम लागू झालाय ना? तिथला मुलगा स्क्रीनकडे बघून हसला: 'सर, तुमच्या खात्यात तर जमा झालेत.' खातं कोणाचं ते सांगता येत नाही, डेटा प्रोटेक्शन. चोराच्या खाजगीपणाची केवढी काळजी! ग्राहक हेल्पलाइन म्हणाली, ग्राहक ते, तुम्ही विक्रेते. इन्शुरन्सवाले म्हणाले, फसवून नेलेल्या गाडीला पॉलिसीत कव्हर नाही, आणि कलम वाचून दाखवलं. तुमचीही पॉलिसी काढून बघा, बहुतेक असंच कलम सापडेल. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दिवाणी कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत दावा लावता येतो, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. त्यांनी दिलेल्या पत्त्यावर एक नेल सलून निघालं, त्या बिचाऱ्यांना काही पत्ताच नव्हता. सरकारकडून या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली एकमेव रक्कम म्हणजे उरलेल्या महिन्यांच्या रोड टॅक्सचा परतावा, ११.६६ पौंड.

आणि गाडी? महिना संपायच्या आत जाहिरातीत दिसली. प्लेट झाकलेली, पण मागच्या काचेवर मुलीने चिकटवलेला गणपतीचा अर्धा खरवडलेला स्टिकर तसाच. किंमत ८,७९५ पौंड. बायकोच्या फोनवरून विचारलं, इंजिन कसं आहे? 'एकदम मख्खन, मॅडम, एका इंडियन फॅमिलीची आहे.' माझा मेकॅनिक म्हणतो, टाकी आणि पाइप धुऊन कूलंट बदलायला त्यांना शे-दीडशे पौंडांवर खर्च आला नसेल. जाहिरातीची लिंक पोलिसांना पाठवली. उत्तर नाही. दोन दिवसांत जाहिरात गायब.

म्हणून सांगतो, विकायच्या आदल्या दिवशी कूलंटच्या टाकीचा, डिपस्टिकचा (तेल मोजायच्या पट्टीचा), चालू इंजिनाचा व्हिडिओ काढून ठेवा. येणाऱ्याचं लायसन्स आणि त्यांच्या गाडीची प्लेट दोन्हीचा फोटो घ्या. आढेवेढे घेतले तर तिथूनच रामराम. कागद आधीच खिशात ठेवा. बघायला दोघं येणार असतील तर तुम्हीही दोघं थांबा, एक जण बॉनेटपाशी, एक मागे. आणि टेस्ट ड्राइव्हनंतर अचानक काही बिघडलं तर कोणत्याही किमतीला त्या दिवशी विकू नका, फुकट दिली तरी सोमवारीच द्या.

आणि ज्यांच्याशी हे आधीच झालंय त्यांनी: तक्रारीची सुरुवात 'मी गाडी विकली' अशी करू नका. मी केली, आणि पलीकडून पुढचं ऐकलंच गेलं नाही. 'माझ्या मालकीच्या गाडीच्या कूलंटमध्ये तेल ओतून नुकसान केलं' इथून सुरू करा, कारण ओतलं तेव्हा गाडी तुमचीच होती. १९७१चा क्रिमिनल डॅमेज अ‍ॅक्ट, आणि खोटं सांगून किंमत पाडली म्हणून २००६च्या फ्रॉड अ‍ॅक्टचं कलम २, दोन्हींची नावं घ्या. मी आता तशी नवी तक्रार टाकली आहे. क्राइम रेफरन्स नंबर तरी मिळालाय, जो पहिल्या वेळी द्यायलाच ते तयार नव्हते. व्हिडिओ अजून कोणी मागितलेला नाही.