पीसी चालूच होईना: आधी घरी बघायचा का थेट दुकानात न्यायचा?

आमच्या घरचा पीसी दोन वर्षात दोनदा बंद पडला. पहिल्यांदा मी तो सरळ दुकानात नेला, दुसऱ्यांदा आधी घरीच बघितला, त्यामुळं दोन्ही बाजू अनुभवल्यात. ज्यांचा पीसी आत्ता बंद पडलाय आणि काय करावं सुचंना झालंय त्यांच्यासाठी लिहितोय.

इथं पॉवरच येत नाही त्याबद्दल बोलतोय. बटण दाबलं तर फॅन नाही, लाईट नाही, आवाज नाही, किंवा फॅन एक झटका मारतो आणि गप्प. फॅन नीट फिरतोय पण स्क्रीन काळीच आहे, हे दुखणं वेगळं, तिथं आधी रॅम (मेमरीची पट्टी) काढून खोडरबरनं पुसून परत बसवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

दुकानाची जमेची बाजू मोठी आहे हे आधीच मान्य करतो. त्यांच्याकडं जादा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) असतो, जादा रॅम असते, लावून बघितलं की दोन मिनिटात कळतं कशात बिघाड आहे. घरी आपल्याकडं बदलून बघायला काहीच नसतं. मदरबोर्डच (आतला मुख्य सर्किट बोर्ड) शॉर्ट असेल तर घरी कितीबी डोकं लावा, काही उपयोग नाही. आणि ज्याला कॅबिनेट उघडायचीच भीती वाटते त्यानं जबरदस्ती करू नये, दुकानात न्यावा.

पण माझ्यासोबत जे झालं ते सांगतो. आम्ही जिंतूरला राहतो. मे महिना होता, घरात बायकोची मराठी ३० च्या टायपिंगची प्रॅक्टिस चालू होती, परीक्षा तोंडावर, आणि पीसी चालू होईना. बटण दाबलं की फॅन झटका मारायचा आणि बंद. मी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, एस्टीत मांडीवर घेऊन बसलो आणि परभणीला गेलो. दुकानात त्या पोरानं केबल लावली, बटण दाबलं, पहिल्या झटक्यात चालू! म्हणला, "सर, चालू आहे की." मी म्हणलं, "भाऊ, घरी होत नाही म्हणूनच तर एवढ्या लांबून आणला ना." त्यानं धूळ साफ केली, चेकिंगचे पैसे घेतले, मी परत आलो. घरी लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर, पुन्हा एस्टी. या वेळी ते म्हणले ठेवून जा, बघतो. चार दिवसांनी फोन आला की सर, आम्ही रोज चालू करायलोत, काहीच प्रॉब्लेम नाही, घेऊन जा. परत आणला, घरी लावला, बंद. इकडं बायकोची प्रॅक्टिस आठवडाभर बुडाली, ती रोज मैत्रिणीकडं जाऊन तासभर टाईप करून यायची, त्याचं मला जास्त वाईट वाटायचं.

शेवटी एका रात्री सहज मॉनिटरची पॉवर केबल काढून कॅबिनेटला लावली. चालू झाला. आमच्या मॉनिटरची आणि कॅबिनेटची केबल सारखीच आहे, बऱ्याच जणांची असते. जुनी केबल हातात घेऊन बघितली तर कॅबिनेटकडचं टोक आतून काळं पडलेलं, एक भोक वितळून सैल झालेलं. एक्स्टेंशन बोर्डचं तेच सॉकेटही काळं. त्याच बोर्डावर आमचा कूलर चालायचा. मॉनिटरची लाईट दिसायची म्हणून बोर्डात करंट आहे असं मी धरून चाललो होतो, आणि पीसी दुकानात नेताना ही केबल घरीच राहायची. कॅबिनेट नेताना केबल कोणी नेतच नाही, दुकानात त्यांची केबल असते. म्हणजे बिघडलेली वस्तू घरी आणि चांगली वस्तू एस्टीत, असं तीन फेऱ्या चाललं.

यात दुकानाची चूक आहे असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडं खरंच चालू होत होता. पण याच एका गोष्टीनं माझं मत बनलं. बिघाड ज्या जागी होतोय तिथला बोर्ड, तिथली केबल, तिथलं व्होल्टेज दुकानात जातच नाही. आपल्याकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कसं होतं हे सगळ्यांना माहिती आहे, परभणीच्या दुकानात बसून ते कुणाला दिसणार?

म्हणून आता मी आधी घरी बघतो. केबल बदलायची, एक्स्टेंशन सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचं, एसएमपीएसच्या मागचं स्विच बघायचं (पुसताना धक्का लागून बंद होतं कधीकधी). केबल काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं आणि परत लावून बघायचं. नाहीच झालं तर कॅबिनेट उघडायचं, समोरच्या बटणाची वायर मदरबोर्डवर जिथं लागते त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडायच्या, पीसी चालू झाला तर बटणच गेलंय.

त्याच्या पुढची टेस्ट एसएमपीएसची. प्लग काढून २४ पिनांचा मोठा कनेक्टर मदरबोर्डमधून सोडवायचा, हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर यांच्या खाचा पेपरक्लिपनं जोडायच्या, आणि मगच प्लग लावायचा. फॅन फिरला तर एसएमपीएसमध्ये जीव आहे, पण तेवढ्यावर तो शंभर टक्के चांगला आहे असं धरू नका, लोडवर मार खाणारे बी असतात. मल्टिमीटर असेल तर जास्त बरं, मी तीनचारशेचा साधाच घेतला. जांभळ्या वायरवर पीसी बंद असताना सुद्धा ५ व्होल्ट पाहिजे, आणि क्लिप लावल्यावर पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के इकडं तिकडं चालतं, म्हणजे पिवळ्यावर ११.४ च्या खाली नको. तुमच्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतील किंवा ब्रँडेड कंपनीचा वेगळ्या कनेक्टरचा डेस्कटॉप असेल तर अंदाजानं क्लिप घालू नका, तो दुकानातच न्या.

आणि काहीही झालं तरी एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. जळाल्याचा वास आला, धूर दिसला, किंवा पीसी वॉरंटीत आहे, तर घरी काहीच करू नका.

मेकॅनिकला घरी बोलवायचा मार्ग बी आहे. जिल्ह्याच्या गावात राहत असाल तर कदाचित तोच बरा, बिघाड जाग्यावर तपासला जातो. आमच्याकडं यायला कुणी सहज तयार होत नाही.

दुसऱ्यांदा बंद पडला तो यंदाच्या पावसाळ्यात, रात्री लाईट जाऊन येऊन करत होती, सकाळी पीसी मेलेला. केबल बदलली, भिंतीला लावला, काही नाही. पेपरक्लिप लावली, फॅन हललाच नाही. जांभळ्या वायरवर मीटर दीड-पावणेदोन व्होल्ट दाखवायलं. मग चार स्क्रू काढून फक्त एसएमपीएस बाहेर काढला, काढायच्या आधी सगळ्या जोडण्यांचा मोबाईलवर फोटो घेतला, आणि तेवढाच पिशवीत घालून परभणीला गेलो, सोबत पॉवर केबल पण घेतली. दुकानात त्यांनी माझीच केबल लावून टेस्टरवर बघितला, गेलाय म्हणले, तेवढ्याच वॅटचा नवा दिला. सकाळच्या गाडीनं गेलो होतो, दुपारच्या जेवणाला घरी होतो.