ऊसतोडीला निघण्याआधी मतदारयादी : नोंदणी सेवेचा अनुभव

बीड जिल्ह्यातील आमच्या वस्तीवर दसरा-दिवाळीनंतर निम्म्याहून अधिक घरांना कुलूप लागते. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले कोयते (ऊसतोड मजुरांच्या जोड्या) पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत येतात. मतदार नोंदणीची सेवा अशा माणसांच्या कितपत उपयोगी पडते, हे मला पाहायचे होते. गेल्या पावसाळ्यात मी वस्तीवरील अकरा जणांचे अर्ज भरून दिले, त्यावरून हे लिहीत आहे.

अर्जाची रचना सुटसुटीत आहे. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि पत्ता बदलणे, चूक दुरुस्त करणे किंवा हरवलेले कार्ड पुन्हा मिळवणे यासाठी नमुना ८, एवढे लक्षात ठेवले की काम भागते. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात. त्यामुळे मे महिन्यात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या एका मुलीला पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागली नाही. तिच्या फोटोला पांढरी पार्श्वभूमी हवी म्हणून आम्ही ओसरीच्या भिंतीवर तिच्या आजोबांचे धुतलेले धोतर ताणून लावले आणि मोबाइलवर काढलेला तो फोटो पहिल्याच वेळी स्वीकारला गेला.

अर्ज विनामूल्य आहे, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी केंद्रचालकाने दोघांकडून प्रत्येकी दोनशे रुपये घेतले, पावती दिली नाही आणि संदर्भ क्रमांकही सांगितला नाही. पैशांपेक्षा हा क्रमांक न मिळणे अधिक वाईट, कारण त्याशिवाय अर्ज कुठे अडला हे कळत नाही. निवडणूक आयोगाचे ॲप किंवा संकेतस्थळ वापरून घरच्या घरी अर्ज भरावा आणि अडचण आल्यास १९५० या क्रमांकावर फोन करावा.

आमच्या केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात त्या, शाळेच्या शिक्षिका आहेत. चिखल तुडवत त्या दोनदा वस्तीवर आल्या, प्रत्येकाचे कागद पाहिले आणि यादी उंबऱ्यावर पसरून नावे मोठ्याने वाचून दाखवली. सेवेचा सर्वांत चांगला भाग मला हाच वाटला.

आता तक्रार. शेजारच्या काकू १३ मे २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानाला गेल्या, तेव्हा त्यांचे नाव यादीतून वगळलेले निघाले. रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले मतदार कार्ड हातात असूनही त्यांना मतदान न करता परतावे लागले, कारण कार्ड ही केवळ ओळख आहे, हक्क यादीतील नावावर ठरतो. चौकशी केल्यावर कळले, ते असे : हंगामात पडताळणीला आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसले आणि त्याने ‘स्थलांतरित’ अशी नोंद केली. वास्तविक लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरत्या गैरहजेरीमुळे माणसाचे सामान्य निवासस्थान संपत नाही आणि कलम २२ नुसार अशा कारणासाठी नाव वगळण्याआधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. बंद दाराला चिकटवलेली नोटीस दूर उसाच्या फडावरच्या बाईपर्यंत पोचणार कशी, याचा विचार ही सेवा अजून करत नाही. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरी उणीव मतदानाच्या दिवसाची. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन तोडीच्या दिवसांत आले. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२ड भरून घरून मत देता येते. ऊसतोड मजुराला मात्र टपाली मताची सोय नाही. कायद्याने भरपगारी सुट्टी दिली, तरी शेकडो किलोमीटरचा प्रवास एका दिवसात होत नाही. नोंदणीसाठी एवढे कष्ट घेणाऱ्या यंत्रणेने या मतदारांसाठी मार्ग काढलाच पाहिजे.

तोपर्यंत माझा आग्रह एवढाच आहे की टोळी निघण्यापूर्वी, पोळा ते दसरा या काळात, घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत शोधावे आणि दिसले नाही तर लगेच नमुना ६ भरावा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही. काकूंचा अर्ज आम्ही ऑगस्टमध्ये भरला. नाव चढले, पण टपालाने कार्ड आले तेव्हा त्या फडावर होत्या. पोस्टमनकडून ते मी घेतले, पाठीमागचा पत्ता त्यांना फोनवरून वाचून दाखवला आणि पट्टा पडेपर्यंत माझ्या कपाटात ठेवले आहे.